रानडुकरांचा उपद्रव: धनुष्यबाणाने शिकार करून कळप आटोक्यात आणता येतील का?

प्रश्न: कोयनाकाठ (ता. पाटण, जि. सातारा)

सर्वांना नमस्कार. आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द आहे, मधल्या टप्प्यात भुईमूग, सोयाबीन आणि भाताची खाचरे आहेत, आणि खाली नदीकाठाला ऊस आहे. रानडुकरांना राहायला, लपायला आणि खायला याहून सोयीची जागा दुसरी नसेल. भुईमूग शेंगा धरू लागला की कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतो. उसात शिरला तर बुडख्याशी कांडी चावून, चोथा टाकून पुढे जातो, आणि भाताच्या खाचरात खाण्यापेक्षा लोळण्याने होणारे नुकसान अधिक असते. राखणीला आता घरटी माणूस मिळत नाही, कारण तरुण मुले पुण्या-मुंबईला आहेत आणि म्हाताऱ्या माणसांनी थंडीत रात्र रात्र माळ्यावर जागणे शक्य नाही. डोंगराकडची काही राने केवळ या कारणाने पड पडली आहेत, ही गोष्ट मला फार लागते.

आमच्या भावकीतील एक मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तेथे लोक खासगी कुरणांवर जमीनमालकाच्या संमतीने कंपाउंड धनुष्याने (म्हणजे टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याने) डुकरांची शिकार करतात आणि सरकार त्याला आडकाठी करत नाही, असे त्याने सांगितले. त्याने पाठवलेले व्हिडिओ पाहून गावातील मंडळींनी असा विचार मांडला की, सातारा जिल्ह्यात धनुर्विद्येचे शिक्षण घेतलेली मुले आता पुष्कळ आहेत, बाणाचा आवाज होत नाही, बंदुकीसारखी गोळी दूरच्या वस्तीत जाण्याची भीती नाही, तेव्हा अशा मुलांची मदत घेऊन पाच-पंचवीस डुकरे कमी करावीत. ग्रामसभेत हा विषय येणार आहे. त्याआधी जाणकारांनी सांगावे की हे कायद्यात बसते का, टेक्सासमध्ये या पद्धतीने डुकरांची संख्या खरोखर कमी झाली आहे का, आणि तसे नसेल तर येत्या हंगामाआधी आम्ही नेमके काय करावे. केवळ सहानुभूती नको, उपयोगी पडेल असे काही सांगावे, ही विनंती.

उत्तर: वारणेपलीकडे (मूळ शिराळा, सध्या टेक्सास)

दादा, मी शिराळा तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि येथे आल्यापासून सहकाऱ्यांबरोबर कुरणांवर धनुष्याने डुकरांची शिकार केली आहे. आपल्या भावकीतील मुलाने सांगितले ते खरे आहे, पण व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे येथील डुक्कर हा येथला मूळचा प्राणी नाही. स्पॅनिश मोहिमांबरोबर सोळाव्या शतकात पाळीव डुकरे अमेरिकेत आली, त्यातील काही मोकाट सुटली, आणि पुढे विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेने आणलेल्या युरोपीय रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. म्हणून कायदा त्यांना संरक्षित वन्यप्राणी मानत नाही. टेक्सासमध्ये त्यांच्या शिकारीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, आणि सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानाही लागत नाही. हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याची मुभाही २०११ च्या कायद्याने दिलेली आहे. इतकी मोकळीक असूनही राज्यात लाखांनी डुकरे आहेत. ग्रामसभेत निर्णय घेताना ही एक गोष्ट समोर ठेवलीत तरी पुष्कळ होईल.

आता धनुष्याविषयी. डुकराची दृष्टी अधू असते, पण नाक आणि कान विलक्षण तीक्ष्ण असतात. त्यामुळे शिकारी वाऱ्याची दिशा पाहून झाडावरच्या मचाणात किंवा जमिनीवरच्या आडोशात बसतो आणि डुक्कर वीस-पंचवीस पावलांच्या आत येईपर्यंत थांबतो. येथे कुरणांवर ठरावीक वेळी मका उधळणारी यंत्रे लावलेली असतात, म्हणून जनावर त्या टप्प्यात येते तरी. हरणाच्या तुलनेत डुकराचे काळीज आणि फुप्फुसे शरीरात अधिक पुढे आणि अधिक खाली, पुढच्या पायाच्या मागे लागून असतात. जाणत्या नराच्या खांद्यावर जाड चिवट चामडीची ढालच तयार झालेली असते. समोरून किंवा खांद्यावर मारलेला बाण तेथेच अडकतो. म्हणून जनावर तिरके, पाठमोरे उभे राहीपर्यंत बाण सोडायचा नाही, हा नियम आहे. बाणाचे पातेही वेगळे, धारदार आणि भक्कम लागते. नेम अचूक लागला तरी डुक्कर जागेवर पडत नाही. ते पळते, आणि चरबी व दाट केसांमुळे जखम बुजून रक्ताचा माग पुष्कळदा मिळत नाही. अर्धा-पाऊण तास थांबूनच माग काढायचा असतो, कारण जखमी नर झुडपात दबा धरून बसतो आणि माणसावर उलटून येतो. येथील विरळ कुरणातही हे काम जोखमीचे आहे. आपल्याकडे दहा-बारा फूट वाढलेल्या उसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात जखमी नराच्या मागे कोणी जावे, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

संख्येविषयी आपण विचारले आहे, तो खरा कळीचा मुद्दा आहे. मादी वर्षाच्या आत वयात येऊ शकते, तिचा गाभणकाळ सुमारे ११५ दिवसांचा असतो, आणि एका वेताला साधारण चार ते आठ पिल्ले होतात. खाणे मुबलक असेल तर येथील मादी वर्षात दोनदाही विते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाचे म्हणणे असे आहे की, संख्या नुसती आहे तेथे रोखून धरायची असेल तरी दरवर्षी सुमारे ६६ टक्के डुकरे काढावी लागतात. शिकार, पिंजरे, हेलिकॉप्टर असे सगळे मार्ग मिळून प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही निघत नाहीत. धनुष्याने एका बैठकीत फार तर एक डुक्कर मिळते, तेही बहुधा एकटा फिरणारा नर. नर कमी झाल्याने कळपाच्या वाढीत काहीच फरक पडत नाही, कारण कळप माद्यांचा आणि पिल्लांचा असतो आणि उरलेले नर पुरेसे असतात. कळपातील एक मादी पडली तर बाकीच्या उधळतात, रात्रीच्या वेळा बदलतात आणि शेजारच्या रानात जातात. म्हणजे आपल्या शेतातून गेलेले संकट भावकीच्या शेतात उभे राहते.

म्हणूनच येथे ज्यांना खरोखर संख्या कमी करायची आहे, ते मोठे गोलाकार कुंपणाचे पिंजरे वापरतात. दार उघडे ठेवून आत अनेक रात्री मका टाकायचा, कॅमेऱ्यावर कळप मोजायचा, आणि शेवटचे डुक्कर आत आल्याचे दिसल्यावरच मोबाइलवरून दार पाडायचे, अशी ती रीत आहे. अर्धा कळप बाहेर राहिला तर ती डुकरे पुन्हा कधी पिंजऱ्याजवळ येत नाहीत. याच काळात कोणी हौशी शिकारी तेथे बाण किंवा गोळी चालवून गेला तर सगळी मेहनत वाया जाते. मिसुरी राज्याच्या संवर्धन विभागाने आपल्या ताब्यातील जमिनींवर डुकरांच्या शिकारीलाच बंदी घातली, तिचे कारण हेच होते. टेनेसी राज्याने १९९९ मध्ये राज्यभर डुकरांची शिकार खुली केली. तिचा परिणाम असा झाला की शिकारीच्या हौसेपायी लोक डुकरे पकडून नव्या भागात सोडू लागले, डुकरे पूर्वी नव्हती तेथे पोचली, आणि २०११ मध्ये ते धोरण मागे घ्यावे लागले. कॅन्सस राज्याने तर २००६ मध्येच हौशी शिकार बंद केली.

मला धनुष्याची शिकार आवडते, तिच्यात संयम लागतो, आणि मिळालेले मांस आम्ही खातो. पण ते एक डुक्कर मिळवण्याचे साधन आहे. कळप आटोक्यात आणण्याचे नव्हे. आणखी एक निरीक्षण सांगतो. ज्या कुरणावर मका उधळणारी यंत्रे वर्षभर चालू असतात, तेथेच डुकरे सर्वांत जास्त दिसतात. आपल्या गावाभोवती त्यांना फुकटचे खाणे कोठे मिळते, हे आधी शोधावे.

उत्तर: कराडचा वकील

कोयनाकाठ यांनी कायद्याविषयी विचारले आहे, त्याचे स्पष्ट उत्तर असे की, परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे हा गुन्हा आहे, मग ते बंदुकीने मारलेले असो, बाणाने, फासकीने किंवा विजेच्या तारेने. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत होते, आता ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ९ नुसार पहिल्या व दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, सापळ्यात घेणे, हाकारून नेणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सगळे येते. त्यामुळे बाण चुकला म्हणून गुन्हा घडला नाही, असा बचाव टिकणार नाही. साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. शिकार अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत झाली तर किमान तीन वर्षांची कैद आहे. आपल्या तालुक्यात कोयना अभयारण्याची हद्द कोठून जाते हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो. शिकारीसाठी वापरलेले वाहन आणि हत्यारही जप्त होते.

मात्र शेतकऱ्याला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम ११ च्या पोटकलम (१)(ब) मध्ये अशी तरतूद आहे की, दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, आणि मालमत्तेत उभी पिके स्पष्टपणे धरलेली आहेत, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. यासाठीचा अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा. अर्जासोबत सातबारा, तारीख दिसेल अशी नुकसानीची व पावलांच्या ठशांची छायाचित्रे, आधीच्या पंचनाम्यांच्या प्रती आणि ग्रामसभेचा ठराव जोडला तर अर्ज भक्कम होतो. एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षा एका शिवारातील सर्वांचे अर्ज एकाच दिवशी, पोच घेऊन दाखल करावेत. परवानगी मिळाली तर तिच्यात जी मुदत, जागा, संख्या आणि अटी लिहिलेल्या असतील, त्यांच्या बाहेर एक पाऊलही टाकू नये. आणि हे विसरू नये की परवानगीने मारलेले डुक्करसुद्धा कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता असते. त्याच्या मांसाचे वाटे घालणे हा स्वतंत्र गुन्हा होईल. टेक्सासमधील मित्र मांस खातात ते तेथील कायद्याने. येथे ते चालणार नाही.

ग्रामसभेत कोणी ना कोणी असे म्हणेलच की डुकराला उपद्रवी प्राणी जाहीर करून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. तो अधिकार कलम ६२ खाली केंद्र सरकारचा आहे, ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा नाही. केंद्राने बिहारसाठी डिसेंबर २०१५ मध्ये आणि उत्तराखंडसाठी २०१६ मध्ये अशा अधिसूचना काढल्या होत्या, त्याही ठरावीक जिल्ह्यांपुरत्या आणि एका वर्षाच्या मुदतीच्या. केरळने २०२२ मध्ये निराळी वाट धरली आणि कलम ११ खालील परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत पोचवला. तेथेही मारण्याचे काम परवानाधारक बंदूकधाऱ्यांकडून करून घेतले जाते आणि विष, स्फोटके व विजेचा वापर वर्ज्य आहे. आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागणी करायचीच असेल तर या धर्तीवर करावी, असे माझे मत आहे, कारण शेतकऱ्याला अर्जाचा निकाल पीक उभे असताना मिळाला पाहिजे. काढणी झाल्यावर मिळालेल्या परवानगीचा त्याला काय उपयोग?

उत्तर: नेमबाण (सातारा)

मी साताऱ्यात मुलांना धनुर्विद्या शिकवतो, त्यामुळे या चर्चेत उत्तर देणे मला कर्तव्य वाटते.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि त्याच स्पर्धेत ओजस देवतळे पुरुषांमध्ये विजेता ठरला. तेव्हापासून जिल्ह्यातील कितीतरी पालक मुलांना मैदानावर घेऊन येऊ लागले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच येत असल्याने या मुलांपुढे खरे ध्येय आहे. अशा मुलाला रानात डुकरामागे नेणे म्हणजे त्याच्यावर फौजदारी खटल्याची टांगती तलवार ठेवणे होय. परवानगीविना तर नाहीच, पण परवानगी असली तरीही मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला पाठवणार नाही.

कारण केवळ कायद्याचे नाही, साधनाचेही आहे. स्पर्धेत पन्नास मीटरवर ८० सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य असते आणि त्याचा दहा गुणांचा भाग ८ सेंटिमीटरचा. अंतर ठरलेले, उजेड भरपूर, लक्ष्य स्थिर. स्पर्धेचा बाण सडपातळ आणि हलका असतो, त्याचे टोक लक्ष्यात रुतून सहज बाहेर निघावे असे केलेले असते. तो डुकराला लागला तर जनावर मरणार नाही, जखम कुजवत आठवडाभर हिंडेल. वारणेपलीकडे यांनी शरीररचनेविषयी लिहिले आहे ते वाचल्यावर तरी हे पटावे. अंधारात, हलत्या जनावरावर, अंतराचा अंदाज नसताना बाण सोडणे ही निराळी विद्या आहे आणि ती आमच्या मैदानावर कोणी शिकवत नाही. बाणाचा आवाज होत नाही म्हणून तो सुरक्षित, हा समजही काढून टाकावा. कंपाउंड धनुष्याचा चुकलेला बाण शंभर-दीडशे मीटर सहज जातो, आणि शेजारच्या रानात राखणीला बसलेला माणूस अंधारात कोणालाच दिसत नाही.

उत्तर: चांदोलीच्या पायथ्याचा (ता. शिराळा, जि. सांगली)

कोयनाकाठ भाऊ, आमचे रान चांदोलीच्या बाजूला आहे, म्हणजे तुमचे आणि आमचे दुःख एकच. मी ग्रामसभेत बोलावे तसे सविस्तर लिहितो.

आधी काय करू नये ते सांगतो, कारण नुकसान डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस कोणत्याही थराला जातो. शेताच्या तारेत थेट वीज सोडू नये. त्यात डुक्कर मरते तसे पहाटे पाणी धरायला गेलेले शेजारीही मेलेले आहेत, आणि मग आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. क्लचच्या तारेची फासकी लावू नये. तिच्यात डुकराऐवजी बिबट्या कमरेला अडकतो, तडफडून मरतो, आणि सगळे गाव चौकशीत सापडते. कणकेच्या गोळ्यातील गावठी बॉम्बने गाई-म्हशींचे जबडे फुटतात. बिबट्या आणि रानकुत्री ही डुकराची पिल्ले खाणारी जनावरे आहेत. आपल्या हातून तीच मेली तर डुकरांना मोकळे रान मिळेल. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आपल्या डोक्यावर २०१० पासून आहे, त्यात वाघ टिकायचा असेल तर त्यालाही डुक्कर हे भक्ष्य लागते. म्हणून डुक्कर संपवायचे नसून ते पिकातून बाहेर ठेवायचे आहे, अशी मनाची तयारी आम्ही करून घेतली.

आमच्याकडे खरा उपयोग झाला तो सामाईक सौर कुंपणाचा, म्हणजे ज्याला सगळे झटका मशीन म्हणतात त्याचा. एकट्याने अर्ध्या एकराला तार ओढली तर डुकरे शेजारच्या बांधावरून येतात, आणि खर्चही अंगावर पडतो. जंगलाच्या बाजूची सगळी हद्द एका ओळीत धरली तर एकरी खर्च पुष्कळ उतरतो. बॅटरीवरचे यंत्र तारेत दर सेकंद-सव्वा सेकंदाला क्षणभराचा ठोका सोडते. व्होल्टेज काही हजारांचे असले तरी ते निमिषभरच असते, म्हणून जनावर दचकते पण मरत नाही. डुकरासाठी सर्वांत खालची तार महत्त्वाची. ते उडी मारत नाही, नाक घालून खालून रेटते. ती तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असावी, वरच्या तारा गुडघ्यापर्यंत पुरतात. गवत तारेला टेकले की ठोका जमिनीत उतरतो आणि डुकराला ते लगेच समजते, त्यामुळे पावसाळ्यात दर आठवड्याला खालचे गवत कापणे हे कुंपणाइतकेच मोठे काम आहे. हे काम कोणाचे, यावरून आमच्याकडे वाद झाले. शेवटी ज्याच्या बांधासमोरची तार त्याचे गवत, असे ठरले. संरक्षित क्षेत्रालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

वेळेचेही भान ठेवावे. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होऊन ऊस तुटू लागला की उसातले कळप उघड्यावर येतात आणि शाळू, हरभरा, मका जे उभे असेल त्यात शिरतात. तोड कोणत्या बाजूने चालली आहे ते पाहून त्याच्या पुढच्या रानात आधीच तार आणि राखण लावावी. शक्य असेल तेथे तोड गावाकडून सुरू करून डोंगराच्या दिशेने न्यावी, म्हणजे डुकरांना परत वर जायला वाट राहते. ओढ्याकाठची घाणेरीची जाळी ही त्यांची दिवसाची बसण्याची जागा असते. शेतालगतची तेवढी जाळी काढली तरी फरक पडतो. टेक्सासच्या पाहुण्यांनी फुकटच्या खाण्याविषयी लिहिले आहे, ते आमच्या अनुभवाला तंतोतंत पटते. कोंबड्यांच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या आणि ढाब्यांचे खरकटे ओढ्यात टाकणे बंद करून घेतल्यावर त्या ओढ्याकाठचा वावर आपोआप कमी झाला. फटाके, साड्या, केसांचा कचरा यांचा परिणाम काही दिवसांपुरता असतो. ते करावे, पण त्यांच्यावर विसंबू नये.

नुकसान झाले तर भरपाईचा अर्ज घटनेपासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे गेला पाहिजे, आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेले रान तसेच ठेवावे. लोक दुसऱ्याच दिवशी वाफे सारखे करून पेरणी साधतात आणि मग हात चोळत बसतात. खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीकविमा योजनेतही वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा समावेश करण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. त्यात ७२ तासांच्या आत छायाचित्रासह कळवण्याची अट आहे. आपले पीक आणि जिल्हा त्यात येतो का, ते कृषी सहायकांना पेरणीपूर्वीच विचारावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. धनुष्यबाणाचा विषय ग्रामसभेत मी स्वतः मागे घेतो आणि त्याऐवजी सामाईक कुंपण व कलम ११ खालील एकत्रित अर्ज हे दोन ठराव मांडतो. दोन शंका उरतात. टेक्सासच्या पद्धतीचा मोठा पिंजरा लावून कळप जिवंत पकडून दूर जंगलात सोडला तर चालेल का? आणि चांदोलीच्या भाऊंना विचारतो की, आमची डोंगराकडची जमीन मुरमाड आहे आणि फेब्रुवारीनंतर ती ठणठणीत कोरडी होते. अशा जमिनीत झटका लागत नाही असे एका विक्रेत्याने सांगितले, ते खरे आहे का?

उत्तर: कराडचा वकील

पिंजऱ्यात पकडणे हेही कायद्याने शिकारच आहे, त्यामुळे गावाने स्वतःहून पिंजरा लावू नये. पिंजऱ्याची मागणी आपल्या अर्जातच करता येईल आणि ते काम वनखात्याने किंवा वनखात्याच्या लेखी आदेशाखाली व्हावे. पकडलेला कळप दुसऱ्या गावाच्या डोक्यावर सोडला जाऊ नये, एवढे मात्र ठरावात आवर्जून लिहा. टेनेसीचे उदाहरण वर आलेच आहे.

उत्तर: चांदोलीच्या पायथ्याचा

विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. झटका लागण्यासाठी ठोका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राकडे परत यावा लागतो, आणि कोरडा मुरूम तो परत येऊ देत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. यंत्राजवळ एकाऐवजी तीन-चार अर्थिंगचे रॉड, एकमेकांपासून काही अंतरावर, शक्यतो ओलसर जागी ठोकावेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी घालत जावे. त्यानेही काम भागले नाही तर खालून दुसरी तार यंत्राच्या अर्थिंगला जोडून घ्यावी, म्हणजे डुक्कर एकाच वेळी दोन्ही तारांना टेकले की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो. मात्र या जोडणीत दोन तारांमधले अंतर डुकराच्या नाकाडाच्या मापाचे ठेवावे लागते, नाहीतर ते दोन्हींना एकदम टेकत नाही. आमची तार पाहायला या. शिराळ्यावरून येताना आधी निरोप द्या, म्हणजे यंत्र बसवणारा मुलगाही त्या दिवशी रानात थांबेल.